नावाड्याचं सहावं बोट

तरंगबाईंना नावं ठेवायला फार आवडायचं आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं संस्थेत कोणी नव्हतं. कॅन्टीनच्या चहाला त्या नावं ठेवत, तो चहा पिणाऱ्यांना ठेवत, आणि प्रयोगशाळेत यंत्रांशी झटणाऱ्यांना तर उठताबसता ठेवत. "मोजून मोजून काय मोजणार? तार ढिली झाली, टेबल हललं, कोणी शिंकलं, की गेलं तुमचं मोजमाप. गणित शिंकत नाही," असं म्हणायच्या आणि चष्मा नाकावर खाली ओढायच्या, म्हणजे आपल्याकडे वरून बघितलं जातंय हे समोरच्याला नीट कळावं. तरंगबाई हे नाव प्रयोगशाळेतल्याच कोणीतरी सूड म्हणून ठेवलं होतं. बाईंना ते आवडलं, त्यामुळे सूडही फुकट गेला.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला डोकं खाणारं होतं. एखाद्या पृष्ठभागावर लहर सोडली तर ती कशी विखुरेल, किती माघारी येईल, किती आत शिरेल आणि आत काय काय उपद्व्याप करून बाहेर पडेल, हे त्या कॉम्प्युटरवर काढत. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. रेडिओ आणि उजेड यांच्या मधल्या कुठल्यातरी जातीच्या त्या असतात, आणि रंगातून, कागदातून, लाकडातून आरपार जातात. वाटेत जिथे एक पदार्थ संपून दुसरा लागतो, तिथे थोड्या परत फिरतात. या परतलेल्या लहरींवरून आत काय दडलंय ते ओळखायचं. बाईंच्या हाताखाली शिकून गेलेली मुलं आता मोठमोठ्या जागी होती आणि बाईंना भेटायला कधी येत नव्हती. त्याचं कारण बाईंच्या मते त्या मुलांचा कृतघ्नपणा हे होतं.

संस्थेचे संचालक वेगळ्याच मातीचे होते. त्यांना लहरींतलं काही कळत नव्हतं, पण रंगीत चित्रांतलं फार कळायचं. पडद्यावर लाल-पिवळं जितकं जास्त, तितका शोध मोठा, हा त्यांचा हिशेब. निळंशार चित्र कोणी दाखवलं तर ते जांभई द्यायचे. एके दिवशी ते बाईंच्या खोलीत आले, खुर्ची उलटी करून बसले, आणि म्हणाले, "बाई, भिंतीच्या आतलं चित्र काढून दाखवायचं. आहे तयारी?"

भिंत होती नदीच्या धक्क्यावरच्या प्रवासी हॉलची. पलीकडच्या काठाला जाणाऱ्या बोटीची वाट बघत लोक तिथे लाकडी बाकांवर बसतात. जुन्या काळी म्हणे एक थोर चित्रकार पुरामुळे तिथे अडकून पडला होता, आणि कंटाळा घालवायला त्याने त्या भिंतीवर चित्र काढलं होतं. पुढे कोणा अक्कलवंताने त्यावर चुना फासला आणि चुन्यावर भलत्याच कोणीतरी दुसरं चित्र रंगवलं. ही आख्यायिका कोणी पाहिलेली नव्हती, पण सगळ्यांनी ऐकलेली होती. आता नगरपालिकेला वाटलं, लहरी सोडून बघावं. थोर चित्र खाली सापडलं, तर वरचं खरवडून काढायचं आणि धक्क्यावर पाहुण्यांची रीघ लावायची.

"वर आहे ते भयंकरच आहे," संचालक म्हणाले. "एक नावाडी. कोणा पाट्या रंगवणाऱ्याने काढलाय."

"माहीत आहे," तरंगबाई म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी."

संचालकांनी खुर्ची सरळ केली. दुसऱ्या एखाद्या माणसाने त्यानंतर विषय बदलला असता. बाई म्हणाल्या, "भयंकरच आहे. कधी सुरू करायचं?"

आता यात बाईंचा दगडासारखा स्वभाव दिसतो असं कोणाला वाटेल, तर त्याने आधी त्या नावाड्याची गोष्ट ऐकावी. बाईंचे वडील गावात पेंटर म्हणूनच ओळखले जात. दुकानांच्या पाट्या, बोटींची नावं, 'येथे थुंकू नये' वगैरे सगळं त्यांच्या हातचं. अक्षर देखणं होतं. हॉलची डागडुजी झाली तेव्हा भिंतीवर चित्र हवं असं ठरलं, आणि खरे चित्रकार भाव खात बसले म्हणून पेंटरला बोलावलं गेलं. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं मोठं चित्र. स्टुलावर चढून ते रंगवायचे आणि खाली त्यांची लहान मुलगी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी असायची. स्टूल डुगडुगत होतं म्हणून नव्हे, तर ते धरायचा मान तिचा होता म्हणून.

नावाडी जमला, बोट जमली, पाणी बरं आलं. वल्हं धरलेला हात मात्र काही केल्या जमेना. पेंटर काढायचे, मागे सरकून बघायचे, तोंड वाकडं करायचे आणि त्यावरच पुन्हा रंगवायचे. बायको डबा घेऊन आली की म्हणायची, "अहो, हा हात आहे की केळ्यांचा घड?" थरावर थर चढत गेले. शेवटी उद्घाटनाचा दिवस तोंडावर आला आणि हात तसाच सोडावा लागला.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबता थांबता पेंटरची पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, याला सहा बोटं आहेत!"

लोकांनी मोजली. होती सहा. कुठल्यातरी जुन्या थरातलं एक बोट झाकायचं राहून गेलं होतं. अख्खा हॉल हसला, पाहुणे हसले, पोरीच्या गालाला कोणीतरी चिमटा काढून म्हणालं, काय हुशार आहे हो! पोरीला त्या दिवशी दुसऱ्याची चूक काढायची चटक लागली, ती कायमची. पेंटरला काय लागलं ते कोणी विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी माणूस म्हणून काढला नाही. फक्त अक्षरं काढली. अक्षरांना बोटं नसतात. आणि स्टूल धरायला त्यांनी मुलीला पुन्हा कधी हाक मारली नाही.

आता पेंटर थकले होते, हात कापत होता, आणि तरंगबाईंच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीशी बसून ते येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवत असत. गुण कुठून आला हे वेगळं सांगायला नको. बापलेकींचं बोलणं म्हणजे पंखा चालू कर, पंखा बंद कर, एवढंच. भिंतीचं काम आपण घेतलंय हे बाईंनी त्यांना सांगितलं नाही.

प्रयोगशाळेतल्यांनी यंत्र भिंतीला जवळजवळ टेकवून एकेका ठिपक्यावर लहरी सोडल्या आणि परतलेल्या नोंदून घेतल्या. पण त्यात वरच्या रंगाचाच कल्ला इतका होता की खालचं काही ऐकू येईना. इथे बाईंची करामत. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये तीच भिंत उभी केली, बारीक बारीक चौकोनी तुकड्यांची. वरच्या रंगाची जाडी जिथे जितकी, तिथे तितकीच ठेवली. त्या खोट्या भिंतीवर खोटी लहर सोडली आणि काय परत येतं ते काढलं. खऱ्यातून हे खोटं वजा केलं की वरच्या चित्राचा आवाज जाईल आणि उरेल ते खालचं. युक्ती चांगली होती. बाई हुशार होत्याच, त्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं, आणि असतं तर त्यांनी ते ऐकून घेतलं नसतं.

घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. खरी भिंत हातभर जाड असते. कॉम्प्युटरातली भिंत कुठेतरी संपवावीच लागते, नाहीतर गणित जन्मभर चालेल. म्हणून ती एका डब्यात बसवतात, आणि डब्याच्या तळाला लहरी पिऊन टाकणारं अस्तर लावतात. तळाशी पोचलेली लहर तिथेच मुरली पाहिजे, जणू पुढे भिंत आहेच. अस्तर पातळ पडलं तर लहर डब्याच्या तळावर आपटून परत येते आणि नसलेल्या गोष्टीची खबर आणते. या धंद्यातल्या प्रत्येक पोराला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तरंगबाई तर पातळ अस्तर लावणाऱ्या पोरांना सगळ्यांसमोर उभं करायच्या आणि म्हणायच्या, "पुढच्या वेळी डब्याऐवजी डोक्याला अस्तर लाव."

त्याच बाईंनी अस्तर पातळ केलं. जाड अस्तराने गणित फार रेंगाळत होतं आणि संचालक रोज दारात उभे. पत्रकार बोलावलेत, बाई. नगराध्यक्ष विचारतायत, बाई. बाईंनी मनात म्हटलं, एकदाच. शिवाय त्यांनी आधी पडताळा घेतला होता. एका रंगवलेल्या फळीवर सगळं करून बघितलं होतं आणि खाली काहीही दिसलं नव्हतं. पण त्या फळीवर रंग सगळीकडे सारख्या जाडीचा होता. सारख्या रंगाचं, तळावरून परतलेलं भूतही सारखंच, सपाट. ते दिसणार कुठून? हे एखाद्या पोराने केलं असतं तर बाईंनी त्याला सोलून काढलं असतं.

वजाबाकी झाली आणि खालून चित्र आलं.

संस्थेत नुसता जल्लोष. पडद्यावर लाल-पिवळं इतकं होतं की संचालकांना गहिवरून आलं. चित्र धूसर होतं, ढगातून बघावं तसं, पण होतं. जुन्या चित्रकलेचे एक जाणकार बोलावले गेले. या गृहस्थांनी थोर चित्रकारावर जाडजूड पुस्तकं लिहिली होती आणि बहुतेक ती त्यांनी एकट्यानेच वाचली होती. त्यांनी डोळे किलकिले केले, मान तिरकी केली, आणि पडद्यापाशी जाऊन पुटपुटले, "स्त्री आहे. पदर घेतलेली. आणि हातात दिवा! बघा, बघा ज्योत! अशी फुटलेली, अनेक जिभांची ज्योत दुसरं कोणी काढत नव्हतं."

सगळ्यांना लगेच पदर दिसला. जाणकारांनी सांगेपर्यंत तो कोणालाच दिसला नव्हता, पण तसं कबूल करून स्वतःची शोभा कोण करून घेणार? बाईंनाही दिसला. वर्तमानपत्रांत त्यांचा फोटो आला, चष्मा नाकावर खाली घेतलेला. संचालकांनी चारचौघांत सांगून टाकलं की नवीन विभाग निघतोय आणि त्याच्या प्रमुख तरंगबाई. ज्या जागेसाठी बाई वर्षानुवर्षं झुरल्या होत्या आणि इतर विभागांत तशा जागी बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी नालायक ठरवलं होतं, ती जागा. आठवडाभर त्या हवेत होत्या. कॅन्टीनच्या चहालाही त्यांनी नावं ठेवली नाहीत.

खरवडायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या हॉलवर गेल्या. भिंतीसमोर मचाण बांधलेलं होतं. जुनी भिंतचित्रं सांभाळणारी एक बाई बाहेरून आणली होती. तिला सगळे जतनवाली म्हणत. फार बोलत नसे. खालचं चित्र जिथे सगळ्यात ठळक, म्हणजे दिव्याची ज्योत जिथे, तिथून सुरुवात करायची ठरली होती, आणि तेवढी जागा ती भिंतीवर निळ्या चिकटपट्टीने आखून घेत होती. पट्टीचा चौकोन पुरा झाला आणि ती बाजूला झाली.

चौकोनात नावाड्याचा हात होता.

बाईंना आधी गंमत वाटली. काय योगायोग, म्हणून त्या मनाशी हसल्यासुद्धा. मग त्यांनी पिशवीतून खालच्या चित्राची प्रत काढली आणि ज्योतीच्या जिभा मोजल्या. सहा.

त्या बाकावर बसल्या. पलीकडे एक कुटुंब बोटीची वाट बघत शेंगदाणे खात होतं. खालच्या चित्रात जे जे उजळ होतं, ते ते वर जिथे रंग जाड होता तिथेच होतं. थोर चित्रकाराच्या चित्रातल्या स्त्रीचा पदर म्हणजे नावाड्याची पाठ. आणि ज्योत म्हणजे त्यांच्या बापाने पुन्हा पुन्हा गिरवलेला, थरांनी फुगलेला, केळ्यांचा घड म्हणून हिणवला गेलेला तो हात. जगात दुसऱ्या कोणाला हे ओळखता आलं नसतं. दुसरं कोणी त्या हाताखाली स्टूल धरून उभं राहिलं नव्हतं.

त्या तशाच संस्थेत गेल्या आणि जी गोष्ट पहिल्या दिवशी करायची ती शेवटच्या दिवशी केली. डब्याचा तळ थोडा खाली सरकवला आणि गणित पुन्हा लावलं. खरं चित्र असतं तर ते जागच्या जागी राहिलं असतं. हे चित्र तळाबरोबर खाली सरकलं. त्यांनी तळ अजून खाली नेला. ती स्त्री, पदर, ज्योत, सगळा लवाजमा अजून खाली गेला. ती स्त्री भिंतीत नव्हतीच. ती डब्याच्या तळाशी राहत होती.

तरंगबाईंनी संचालकांना गाठलं आणि पडदा दाखवला. "तळ सरकवला की चित्र सरकतं," त्या म्हणाल्या. "खाली काही नाही."

संचालकांनी बराच वेळ बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्याला वाटलं त्याहून खोल आहे!"

"खोल नाही हो. नाहीच आहे."

"खोल म्हणजे जुनं. अजून जुनं! जाणकारांना कळवायला हवं."

बाईंनी कपाळावर हात मारला. आयुष्यभर त्यांनी लोकांना मूर्ख म्हटलं होतं, पण खरा अस्सल नमुना आत्ता कुठे भेटत होता. त्यांनी पुन्हा समजावलं, सावकाश, अस्तरापासून. या वेळी संचालकांना समजलं. समजलं हे त्यांच्या उठून दार लावण्यावरून कळलं.

"बाई," ते गोड आवाजात म्हणाले, "उद्या तळहाताएवढीच तर जागा खरवडायची आहे. काही नाही निघालं तर म्हणू, काळाच्या ओघात नष्ट झालं. भिंतीला काय कळतंय? आणि तुम्ही आज हे सगळ्यांना सांगितलंत, तर विभाग कशाच्या जोरावर काढायचा? वरचं चित्र तसंही… तुम्हीच म्हणालात ना, भयंकर आहे म्हणून."

आणि तरंगबाई, ज्यांच्या जिभेला संस्थेत सगळे टरकून असत, मूग गिळून बसल्या. विभागप्रमुखाच्या खोलीला मोठी खिडकी होती, आणि ती त्यांना त्या क्षणीही दिसत होती. त्यांच्याबद्दल इथे चांगलं बोलण्यासारखं काहीही नाही.

संध्याकाळी घरी आल्या तर पेंटर वर्तमानपत्र गुडघ्यावर पसरून बसले होते. भिंग हातात. भिंगाखाली लेकीचा फोटो.

"खरवडणार म्हणे नावाड्याला," ते म्हणाले.

बाईंनी चपला काढल्या, पंखा लावला.

"खरवडू देत. चांगला नव्हताच तो." पेंटरनी भिंग बाजूला ठेवलं. "मला तेव्हाच माहीत होतं, हात जमला नाही म्हणून. तू बोललीस एवढंच. खाली कोणा मोठ्या माणसाचं चित्र आहे, मी त्याच्यावर उभा राहून रंग फासत होतो. मला कळायला हवं होतं. उगाच एवढी वर्षं त्याच्या डोक्यावर बसलो."

"बाबा, पंखा वाढवू?"

"नको."

एवढं झालं आणि पेंटर जेवले, झोपले. बाईंनी मात्र ताट झाकून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःला नावं ठेवायला घेतली आणि त्या कामातही त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे लवकरच लक्षात आलं. बाप स्वतःचं चित्र चुकीचं म्हणतोय ते त्यांच्या एका वाक्यामुळे. आणि आता त्या चित्राला मूठमाती देतोय, तीही त्यांच्याच एका चुकीवर भरवसा ठेवून.

सकाळी हॉलवर ही गर्दी. नगराध्यक्ष, जाणकार, पत्रकार, कॅमेरे. संचालक नवा कोट घालून भाषण करत होते आणि भाषणात विज्ञान कमी, स्वतः जास्त होते. ठरल्यापेक्षा काम लवकर सुरू झालं होतं, कारण नगराध्यक्षांना दुसरीकडे फीत कापायला जायचं होतं. तरंगबाई धापा टाकत आत शिरल्या तेव्हा जतनवाली मचाणावर होती. तिच्या हातातलं बारीक पातं चालत होतं आणि रंगाचे कपचे खाली पसरलेल्या कापडावर पडत होते.

"थांबा!" बाई ओरडल्या. तोच खणखणीत आवाज. "थांबवा ते! खाली काही नाही!"

संचालकांचं भाषण घशात अडकलं. "बाई जरा दमल्यात…" ते म्हणू लागले.

"दमले नाही, चुकले," बाई म्हणाल्या. "माझं गणित चुकलं. तुम्हाला जे चित्र दाखवलं ते भिंतीत नाही, माझ्या कॉम्प्युटरात आहे. घाईत मी डब्याला अस्तर पातळ लावलं आणि वरच्याच चित्राचा पडसाद तळावर आपटून परत आला. तुम्ही सगळे ज्याला ज्योत म्हणताय तो हा हात आहे. हाच. काल मला हे कळलं आणि या संचालकांनाही कळलं, आणि आम्ही दोघं गप्प बसलो."

जाणकार म्हणाले, "पण पदर तर स्पष्ट…"

"पदर तुमच्या डोक्यात होता," बाई म्हणाल्या. "आणि माझ्याही."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसायला पहिलं कोणीतरी लागतं, आणि नेहमी पहिल्यांदा हसणारी बाई आज समोर उभी होती. जतनवालीने पातं खाली ठेवलं, खरवडलेल्या जागेवरून मऊ ब्रश फिरवला, आणि म्हणाली, "खाली कोरा गिलावा आहे." तिला ते थोडं आधीच दिसलं असावं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

नगराध्यक्षांना फीत आठवली. ते निघाले, त्यांच्या मागे कॅमेरे, कॅमेऱ्यांच्या मागे संचालक, तोंडाने काहीतरी खुलासा करत. जाणकार पडद्यावरच्या चित्राची प्रत घडी करून खिशात घालून गेले. ते पुढेमागे त्यावर पुस्तक लिहितील याबद्दल शंका नको. विभाग गेला, खिडकी गेली, आणि उद्यापासून संस्थेतलं प्रत्येक पोर अस्तराची चौकशी करणार होतं. तरंगबाईंनी वर बघितलं.

हाताचं एक बोट गेलं होतं. कडेचं. त्या जागी पांढरी चीर दिसत होती. उरलेली बोटं वल्ह्याभोवती घट्ट होती, आणि मोजली तर बरोबर पाच भरत होती. पेंटरना जन्मात जमलं नाही ते लेकीच्या चुकीने करून दाखवलं होतं.

"हां. आता झाला हात," मागून कोणीतरी म्हणालं.

शेवटच्या बाकावर पेंटर बसले होते. कधी आले, कोणाबरोबर आले, कोणास ठाऊक. आपल्या चित्राचं शेवटचं तोंड बघायला आले असावेत. जतनवाली मचाणावरून उतरली आणि त्यांच्यापाशी आली. "तुम्ही काढलंय हे?"

"चुकवलंय मी. काढलंय म्हणू नका."

"मग तुम्हालाच विचारायला हवं," ती म्हणाली. "मूळ चित्रकार हयात असला की त्याच्या शब्दाबाहेर जायचं नसतं. ही जागा मला भरायचीय. बोट होतं तसं परत काढायचं, की मागच्या पाण्याचा रंग देऊन टाकू? पाणी दिलं तर कोणाला कळणारही नाही."

पेंटर भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी लेकीकडे हनुवटी उडवली. "हिला विचारा. बोटं मोजायला ही लहानपणापासून हुशार."

हे टोमणा म्हणून म्हटलं होतं, आणि बाईंना तो जिथे लागायचा तिथेच लागला. त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना वरचा हात नुसता एक तांबूस डाग दिसत होता, पण त्याची त्यांना गरज नव्हती.

"सहा," त्या म्हणाल्या. "सहा होती, बाबा. सहाच पाहिजेत."

पेंटर काठी टेकत उठले, मचाणाकडे तुच्छतेने बघितलं, आणि जतनवालीच्या हातातला ब्रश मागून घेतला. ती नको म्हणत होती. नियमात बसत नव्हतं, आणि कापणाऱ्या हाताने सातवं बोट निघण्याचीही धास्ती होतीच. कोपऱ्यात तिकीटवाल्याचं एक लाकडी स्टूल पडलं होतं. पेंटरनी ते पायाने भिंतीशी ओढलं, एक पाय वर ठेवला, आणि मागे न बघता म्हणाले,

"धर."